क्लॅरीच्या सॅकची परीक्षा

सासऱ्याच्या सॅकमध्ये धोंडा शिवणारा जावई म्हणून लिंडसे ट्रिफिट अख्ख्या पठारावर प्रसिद्ध होता. धोंडा म्हणजे खडाबिडा नाही, चांगला दोन किलोचा. अस्तर उसवलं, आत सरकवला, वरून त्याच दोऱ्यानं शिवून टाकला. आणि क्लॅरी बिचारा तो धोंडा पाठीवर घेऊन ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत, ट्राउट मासे पकडायचा पूर्ण सीझन, या तळ्यावरून त्या तळ्यावर हिंडत राहिला. ''वय झालं रे,'' म्हणायचा, ''सॅक जड लागायला लागली.'' लिंडसे गंभीर चेहरा करून मान हलवायचा. शेवटच्या दिवशी चार मित्रांसमोर अस्तर फाडून धोंडा बाहेर काढला तेव्हा क्लॅरी तीन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात लिंडसेच्या वाढदिवसाचा केक कापायला घेतला, तर सुरी आतल्या धोंड्यावर खण्णकन वाजली.

अशी ही जोडी. त्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. लिंडसे त्रेपन्नचा झाला, पठाराच्या पायथ्याच्या बॉथवेल गावात लोकांचे नळ दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. क्लॅरी अठ्ठ्याहत्तरचा. बायको थेल्मा गेल्यापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी एकटा गाडी काढतो, वरच्या तळ्यांकडे जातो, पाण्यावर गळाची खोटी माशी टाकत दिवसभर उभा राहतो आणि खूश होऊन परत येतो. मासा मिळो न मिळो. ''तिथं मला कोणी 'गोळी घेतली का' विचारत नाही,'' असं त्याचं म्हणणं.

पण गेल्या महिन्यात घोळ झाला. सकाळी लख्ख ऊन होतं, दुपारी गारा पडायला लागल्या. आमच्याकडचा उन्हाळा असाच. क्लॅरीनं सॅक उघडली तर आत खोट्या माश्यांच्या सहा डब्या, दोऱ्याची रिळं, केक, सगळं. रेनकोट नाही. स्वेटर नाही. काडेपेटी नाही. चार तास खडकाच्या आडोशाला बसून होता. नशिबानं पायी हिंडणारं एक जोडपं तिकडून चाललं होतं, त्यांनी त्याला गाडीपर्यंत आणलं. ओठ निळे पडले होते.

''मला वाटलं मी घातलंय,'' एवढंच तो म्हणाला. आणि त्याच वाक्यानं रोवेनाचं धाबं दणाणलं.

रोवेना म्हणजे त्याची एकुलती एक लेक, लिंडसेची बायको आणि गावच्या शाळेची मुख्याध्यापिका. बाई रडत नाही, आरडाओरडा करत नाही. परीक्षा घेते.

''बाबा, शनिवारी तू तळ्यावर जायचं,'' ती म्हणाली. ''सॅक तूच भरायची. यादी बघायची नाही, कोणी आठवण करून द्यायची नाही. सगळं बरोबर नेलंस तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. एक जरी वस्तू राहिली, तर यापुढे एकट्यानं जाणं बंद. कबूल?''

''कबूल,'' क्लॅरी म्हणाला. ''आणि मास्तर कोण?''

''लिन जाईल तुझ्याबरोबर. तो नुसता बघेल. संध्याकाळी मला सांगेल.''

''हा?'' क्लॅरीनं जावयाकडे असं बघितलं, जसं कोणी बुटात निघालेल्या गोगलगाईकडे बघतं. ''हा साक्षीदार?''

''लिन खोटं बोलला तर मला कळतं.''

''कसं काय कळतं गं?'' लिंडसेनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, पुढं उपयोगी पडलं असतं.

''खरं बोलतोस तेव्हा तू फार कंटाळवाणं बोलतोस.''

शुक्रवारी दुपारीच दोघं वर तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोपटात जाऊन राहिले. क्लॅरी सॅक भरायला बसला. लिंडसे चहाचा मग घेऊन खिडकीबाहेर बघत बसला, म्हणजे तसं दाखवत बसला. डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं बघत होता. म्हातारा एकेक वस्तू हातात घेऊन तिच्याशी बोलायचा. ''तू चल. तूही चल. साप चावला तर बांधायची पट्टी, तुझ्याशिवाय कसं?'' मग मध्येच थांबायचा, भिंतीकडे बघत राहायचा, आणि पुन्हा सुरू. दर वेळी लिंडसेला चहाचा घोट कडू लागत होता. हसण्याची सवय असलेल्या माणसाला काळजी म्हणजे काय ते चटकन कळत नाही. त्याला वाटलं, चहा कडक झाला.

शनिवारी सकाळी सातला निघाले. क्लॅरी दारातून बाहेर पडला आणि दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेल्या हातजाळीला खांदा घासून सरळ पुढं गेला. मासा पाण्यातून उचलायची जाळी. ती घेतलीच नाही.

लिंडसे दोन क्षण तिथंच उभा राहिला. नियम स्पष्ट होता, काही बोलायचं नव्हतं. तो काही बोलला नाही. जाळी काढून शर्टाखाली पाठीशी खोचली, आणि लाकडी मूठ कमरेला टोचत असताना क्लॅरीच्या मागून गाडीपर्यंत चालत गेला.

गाडीत बसताना क्लॅरीचा हात सवयीनं पाठीकडे गेला. ''माझी जाळी...''

आणि लिंडसेनं तो चेहरा बघितला. रागाचा नव्हता, घाबरलेला होता. मध्येच पायरी संपावी आणि पाय हवेत पडावा, तसा. म्हाताऱ्याच्या ओठांचा रंगच उडाला.

''ढॅणटॅढॅण!'' लिंडसेनं शर्टाखालून जाळी उपसली. विचारबिचार काही केला नाही, तोंडातून निघून गेलं. ''खिळ्यावरून उचलली! तुझ्या नाकाखालून!''

''हलकटा!'' क्लॅरी ओरडला. रंग झटकन परत आला, अगदी कानापर्यंत. ''परीक्षेच्या दिवशी सुद्धा? माझ्या लेकीनं तुझ्यात काय बघितलं रे?''

''नळ गळत होता घरचा.''

''तो अजून गळतोय!''

लिंडसेला गाडीत बसल्यावर फार बरं वाटलं. वाईट नावाचा असा फायदा होतो हे पंचवीस वर्षांत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हातारा वस्तू विसरायला लागला तर लागू दे. चोर आपण आहोतच की.

वाट संपते तिथं गाडी लावली. क्लॅरीनं साप-काट्यांपासून पाय वाचवणारे जाड गेटर बुटांवर बांधले, सॅक पाठीला लावली आणि निघाला. गाडीच्या टपावर त्याचा चष्मा ऊन खात पडलेला. हा चष्मा म्हणजे आमच्या तळ्यांवरचा अर्धा खेळ. तो पाण्यावरची चकाकी मारतो, त्याच्याशिवाय पाण्यात मासा दिसतच नाही, नुसतं आभाळ दिसतं. लिंडसेनं चष्मा खिशात टाकला. पहिलं तळं आलं, क्लॅरी डोळ्यांवर हात नेऊन चाचपायला लागला, तशी लिंडसेनं त्याच्या नाकावर अलगद चष्मा चढवला.

''अजून किती वस्तू चोरल्यास?''

''सांगितलं तर मजा काय?''

''तुझ्या खिशात माझी कवळी नाही ना?''

''तोंडात बघ.''

क्लॅरी खो खो हसला. तोंडात बघितलंही, म्हणजे जीभ फिरवली. दीड तास गवताचे गड्डे, खडक, वॉम्बॅट नावाच्या गुबगुबीत प्राण्यांची बिळं चुकवत दोघं चालले. क्लॅरीची गळाची काठी चार तुकडे सुटे करून नेहमी एका नळीत असायची. हिरवी, कापडानं मढवलेली नळी, सॅकच्या बाजूला पट्ट्यानं बांधलेली. चालताना ती लिंडसेच्या डोळ्यासमोर सारखी डुलत होती.

ठरलेल्या तळ्यावर पोचले. वारा नव्हता. पाणी काचेसारखं. काठाजवळ गुडघाभर पाण्यात एक ट्राउट सावकाश फिरत होता, सकाळचा फेरफटका मारावा तसा. ''बघ, बघ,'' क्लॅरी कुजबुजला आणि गुडघ्यावर बसून नळीचं झाकण फिरवायला लागला. झाकण निघालं. नळी तिरकी केली. हलवली. उलटी करून तळहातावर आपटली. मग एक डोळा मिटून आत बघितलं, जसं दुर्बिणीतून बघतात.

नळी रिकामी होती.

लिंडसेला एकदम आठवलं. सकाळी दाराच्या मागं काठीचे चार तुकडे उभे होते. त्याला वाटलं जुनी काठी असेल.

''हा हा!'' तो म्हणाला. ते हसू त्याला स्वतःलाच कसंतरी वाटलं. ''कशी जिरवली?''

क्लॅरीनं नळीतून डोळा काढला. ''काठी कुठाय?''

''खोपटात. दारामागं. मीच काढली.''

''दीड तास चालवत आणलंस मला. रिकामी नळी घेऊन.''

''मोठी मजा पाहिजे तर मेहनत लागते.''

क्लॅरी नळीचं झाकण पुन्हा फिरवून बसवायला लागला. ना शिवी, ना लाथ. ते लिंडसेला अजिबात आवडलं नाही.

''माझी काठी घे,'' तो घाईघाईनं म्हणाला. ''शिक्षा म्हण. मी वरून मासा दाखवतो, तू टाक. नाहीतरी मी टाकली की मासे हसतात.''

''हसत नाहीत. दुसऱ्या तळ्यात राहायला जातात.'' असं म्हणून क्लॅरीनं हात पुढं केला.

मग लिंडसे खडकावर चढला आणि क्लॅरी पाण्याच्या कडेला वाकून उभा राहिला. डबीतून लाल शेपटीची भुंग्यासारखी माशी काढली आणि गाठ मारायला घेतली. लिंडसे वरून बघत होता. म्हातारा गाठीकडे बघतही नव्हता, त्याची नजर पाण्यावर होती. बोटं आपली आपण वळत होती, दोरा ओला केला, ओढला, टोक दातानं तोडलं. ती बोटं एकही गोष्ट विसरली नव्हती.

''अकरा वाजता,'' लिंडसे दबक्या आवाजात म्हणाला. घड्याळाच्या काट्यावर मासा सांगायची आमची पद्धत. ''तीन काठ्या लांब. तुझ्याकडे येतोय. थांब. थांब. आता!''

दोरा हवेत मागं गेला, पुढं आला, आणि माशी पाण्यावर अशी उतरली की पाण्याला कळलं नसेल. ट्राउट वळला. वर आला. पांढरं तोंड उघडलं.

''देव राजाला वाचवो,'' क्लॅरी सावकाश पुटपुटला. राजाच्या गाण्यातली ही ओळ म्हणेपर्यंत मासा माशी घेऊन तोंड मिटतो, तोवर काठी उचलायची नाही, न्यूझीलंडच्या एका म्हाताऱ्यानं शिकवलं होतं म्हणे. मग काठी उचलली. आणि पाणी फुटलं.

पाच मिनिटं दोघंही वेडे झाले होते. ''दोरा सोड!'' ''मला शिकवू नकोस!'' ''खडकाकडे चाललाय!'' ''दिसतंय मला!'' लिंडसे खडकावरून घसरत खाली आला, कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि जाळीत मासा घेतला. दोन किलोच्या वरचा, लोण्यासारखा पिवळा, अंगावर काळे ठिपके. क्लॅरीनं हात भिजवले, गळ अलगद काढला, माशाला पाण्यातच धरून श्वास घेऊ दिला. शेपटी हलली. मासा गेला.

क्लॅरी बराच वेळ त्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते, कसलातरी हिशोब जुळवल्यासारखे.

मागं चेन ओढल्याचा बारीक आवाज आला. लिंडसेनं वळून बघितलं तर त्याच्या सॅकवर करावाँग बसलेला. हा काळा पक्षी आमच्या पठारावरचा अट्टल चोर, चोचीनं चेन उघडतो. म्हणून जाणती माणसं चेनला तारेची अडकवण लावतात. क्लॅरीच्या सॅकला होती. लिंडसेच्या सॅकला नव्हती. खारवलेल्या बीफचं सँडविच चोचीत धरून पक्षी उडाला, लिंडसे शिव्या देत मागं धावला, आणि पश्चिमेकडून ढग आला तो त्या दोघांनाही ओलांडून. पाच मिनिटांत ऊन गेलं. वारा सुटला. आणि आडव्या गारा.

''रेनकोट काढ!'' क्लॅरी ओरडला.

लिंडसे आधीच कमरेपर्यंत भिजलेला. त्यानं सॅकमध्ये हात घातला. थर्मास. सफरचंद. हात तळापर्यंत गेला. पुन्हा थर्मास. कालपासून तो दुसऱ्याची सॅक कशी भरली जाते ते चोरून बघत होता. स्वतःची त्यानं भरलीच नव्हती. रेनकोट खोपटात खुंटीवर होता, त्याला खुंटी सुद्धा दिसली.

''लिन? रेनकोट कुठाय?''

लिंडसेचे दात वाजायला लागले होते.

''मी लपवला नाही हं,'' क्लॅरी म्हणाला.

आणि मग त्यानं आपली सॅक उघडली. अगदी तळातून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, दोरीनं बांधलेलं गाठोडं काढलं. आत दोन स्वेटर. दोन रेनकोट. दोन काडेपेट्या. एक रेनकोट त्याचा, दुसरा जांभळा, त्यावर पिवळी फुलं. थेल्माचा.

''दोन-दोन?'' लिंडसेनं विचारलं.

''एक घालायचा. आणि एक, पहिला भरायचा विसरलो तर.'' क्लॅरीनं स्वतःशीच मान हलवली. ''त्या चार तासांत ठरवलं होतं. हात वर कर, बाई.''

बाह्या कोपरापर्यंतच आल्या. लिंडसेसारखा दांडगा माणूस फुलाफुलांच्या रेनकोटात खडकाच्या आडोशाला बसला आणि क्लॅरीनं त्याच्या हातात अर्धं सँडविच आणि चहा दिला. गारा टोप्यांवर ताडताड वाजत होत्या.

''काठी तू काढली नाहीस,'' क्लॅरी म्हणाला.

''काढली की.''

''काल जेवायच्या आधी मीच साबणाच्या पाण्यानं धुतली. तुकडे दारामागं वाळत ठेवले. नळीत कोळी शिरू नये म्हणून झाकण घट्ट लावलं. मासा सोडला तेव्हा सगळं आठवलं, एकदम.'' तो चहात बघत होता. ''जाळी?''

''खिळ्यावर होती.''

''चष्मा?''

''गाडीच्या टपावर.''

''अगदी कंटाळवाणं बोललास. म्हणजे खरं.'' क्लॅरीनं चहाचा घोट घेतला. ''पंचवीस वर्षं मला येडा बनवलंस, मी चालवून घेतलं. त्यात मजा यायची. आज तू मला शहाणा बनवत होतास. त्याचा राग आला मला.''

''मला वाटलं...''

''तुला काय वाटलं ते मला कळतं रे. पण मंगळवारी मी एकटा येईन, तेव्हा माझा चष्मा कोण चोरणार?''

लिंडसेनं नुसता आपला खांदा म्हाताऱ्याच्या खांद्याला टेकवला, थंडी वाजत होती म्हणून असं दाखवत. क्लॅरीनं खांदा काढून घेतला नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात रोवेना यादी आणि पेन्सिल घेऊन बसली होती. चूल पेटलेली, टेबलावर भाजलेलं मटण, पण पेन्सिल आधी.

''बोल लिन. काय राहिलं?''

लिंडसेनं तोंड उघडलं. गाडीत येताना त्यानं एक झकास गोष्ट रचली होती, तीत करावाँग होता.

''जाळी, चष्मा आणि काठी,'' क्लॅरीच बोलला. ''काठी नव्हतीच, बेटा. रिकामी नळी घेऊन गेलो. हा सगळं स्वतःच्या अंगावर घेत होता. नियम तुझा, मी कबूल केला होता. एकट्यानं जाणं बंद.'' आणि खुर्ची ओढून बसला.

रोवेनाच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली राहिली. जिंकली होती ती. पण तिचं तोंड असं उतरलं की लिंडसेला बघवेना. बाबानं सगळं बरोबर न्यावं म्हणून ती सकाळपासून देवाला आळवत असणार, हे त्याला तेव्हा समजलं.

''रेनकोट?'' तिनं हळूच विचारलं. ''स्वेटर, काडेपेटी?''

''ते होतं,'' लिंडसे म्हणाला. ''दोन-दोन.''

तेव्हा कुठं तिनं नवऱ्याकडे नीट बघितलं. ''तू आईचा रेनकोट का घातलायस?''

''माझा खोपटात राहिला.''

ते इतकं कंटाळवाणं वाक्य होतं की रोवेनानं दुसरा प्रश्न विचारलाच नाही. तिनं पेन्सिल ठेवली. तोंडावर हात घेतला. खांदे हलायला लागले. रडते का हसते ते दोघांनाही कळेना, आणि तिलाही बहुतेक कळत नव्हतं.

''मग तूसुद्धा नापास,'' ती शेवटी म्हणाली. ''तुलासुद्धा एकट्यानं जायला बंदी.''

''याला कोण नेणार?'' क्लॅरीनं विचारलं.

''तू.''

क्लॅरीनं जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात जुनी गाडी बघतात तसं. ''मंगळवार आणि गुरुवार. वाटेत बडबड नाही.''

''मंगळवारी मला कामं असतात,'' लिंडसे म्हणाला. ''लोकांचे नळ गळतायत.''

''गळू देत. सहाला निघायचं. सहा म्हणजे सहा. एक मिनिट उशीर झाला तर मी थांबणार नाही, सरळ निघून जाईन.''

''थांबावं लागेल बाबा,'' रोवेना मटण कापायला घेत म्हणाली. ''एकट्यानं जायला बंदी आहे.''

लिंडसेच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून क्लॅरीनं टेबलाखालून त्याला सणसणीत लाथ घातली.